अकरा नावांचा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे आणि सध्या पालथा पडलो आहे. माझं तोंड मातीत आहे. पाठीवर पाय देऊन लोक उभे राहतात, चप्पल घासतात, एकानं तर परवा मोटारसायकलीचं स्टँड लावलं. ते मी सोसतो, दगडच आहे मी. पण माझ्या तोंडावर अकरा माणसांची नावं कोरलेली आहेत, आणि त्यातलं शेवटचं नाव एका म्हाताऱ्या बाईला वाचून दाखवायची वेळ आली आहे. ते मला जमत नाही. म्हणून तुमच्या विनवण्या करतो आहे. गोष्ट ऐका, पण ऐकून झाल्यावर नुसतं 'अरेरे' करून उठू नका.

कराडहून कडेगावकडं येताना ओढ्याच्या पलीकडं धावडमाळ लागतं. त्याच गावच्या माळावरच्या खाणीतला मी काळा दगड. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा गावानं हिशेब केला. त्रेसष्ट माणसं लढाईला गेली होती, बावन्न परत आली. उरलेल्या अकरांची राख नाही, हाड नाही, काहीच नाही. तेव्हा लोकांनी ठरवलं की निदान नावं तरी गावात राहू देत. हणमा वडार म्हणून एक कारागीर होता. त्यानं मला खाणीतून फोडून काढलं, महिनाभर तासलं, आणि चावडीसमोरच्या लिंबाखाली बसून एकेक अक्षर कोरायला घेतलं. त्याचा हात जड होता, पण अक्षर सरळ यायचं. छिन्नीचा घाव मला दुखला का, असं विचारू नका. दुखला. पण असं दुखणं पुन्हा वाट्याला यावं असं वाटतं.

गावात पांडू तुकाराम नावाचे दोन शिपाई होते आणि दोघंही गेले होते. कोणता कोण ते कळावं म्हणून प्रत्येक नावाच्या आधी फौजेतला नंबर कोरायचं ठरलं. हे ठरवलं हवालदार ज्ञानूनं. इटली नावाच्या देशातल्या डोंगरात त्याचा डावा हात मनगटापासून गेला होता. गावात त्याच्या शब्दाला वजन होतं, आणि रागावला की तो तुटका हातच समोरच्याच्या छातीवर ठेवायचा.

दहा नावं कोरून झाली आणि भांडण लागलं. अकरावा होता लिंबा कोंडी, महारवाड्यातला. तो बंदूकवाला शिपाई नव्हता. खेचरांच्या पाठीवर पिठाची पोती लादून डोंगरावरच्या मोर्च्यापर्यंत नेणं हे त्याचं काम. त्याच वाटेवर एका हिवाळ्यात तोफगोळा पडून तो आणि त्याचं खेचर दोघं गेले. काही जाणती माणसं म्हणाली, खेचरं हाकणाऱ्याचं नाव लढणाऱ्यांच्या पंगतीत कशाला? ज्ञानू चावडीच्या पायरीवरून उठला. तो काय म्हणाला ते मला अजून पाठ आहे.

"लिंबा वर आला न्हाई त्या दिशी आमी उपाशी ऱ्हायलो. भुकंनं रडलो मी, हवालदार असून. त्याचं नाव ह्याच दगडावर आन ह्याच अक्षरात."

हणमानं ती ओळ जरा जास्तच खोल कोरली. खालची ओळ असल्यानं मातीनं बुजेल, असं तो म्हणाला. खरं कारण ते नसावं, पण वडाराला कोण विचारतंय.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली, मित्रांनो. आमच्याकडं घराघरातून पोरं फौजेत जातात. धावडमाळची एक रीत पडली. भरती झालेला पोरगा निघाला की त्याची आई माझ्यावर तांब्याभर पाणी घालायची आणि पोरगा हात ठेवून अकराच्या अकरा नावं नंबरासकट मोठ्यानं वाचायचा. याला 'नावं घेणं' म्हणत. एखादं नाव गाळलं तर पुन्हा पहिल्यापासून, भले एसटी हॉर्न वाजवत उभी असो. पाटलाच्या पोरानंही शेवटी 'लिंबा कोंडी' म्हटल्याशिवाय गाव सोडलं नाही. गावात पाणवठे वेगळे होते त्या काळातली ही गोष्ट. कोयनेच्या भूकंपात मला वरपासून कानापर्यंत तडा गेला, तेव्हा बायकांनी तो चुन्यानं भरून काढला होता. इतका मी लाडका होतो.

लिंबाच्या बायकोचं नाव हरणाबाई. तो लढाईला निघाला तेव्हा ती पोटुशी होती. मुलगी झाली, तिचं नाव बाळाबाई. पुढं त्या सगळ्या वस्तीनं बुद्धाचा धम्म घेतला, जुन्या पुष्कळ गोष्टी ओढ्यात सोडल्या, पण माझ्याकडं येणं सोडलं नाही. बाळाबाई लहानपणी आईला विचारायची, बा कसा दिसायचा. हरणाबाई म्हणायची, माणसागत दिसायचा, कामाला लाग. फोटो काढावा अशी ऐपतही नव्हती आणि सवयही नव्हती. मग ती पोर माझ्यापाशी येऊन बसायची आणि शेवटच्या ओळीवरून बोट फिरवायची. तिला शाळा मिळाली नाही, ती आजही निरक्षर आहे. तिला वडिलांचं जे काही मिळालं ते एवढंच, माझ्या अंगातले पाच-सहा खाचखळगे. आता ती ब्याऐंशी वर्षांची आहे. तिची एकच इच्छा आहे, डोळे मिटण्याआधी बापाचा चेहरा कुठं तरी बघायला मिळावा. ही गोष्ट तिनं माझ्याशिवाय कुणाला सांगितलेली नाही. सांगून काय करणार? जगात तसला फोटो असेल असं तिला वाटतच नव्हतं. मलाही नव्हतं.

आता भाषणांचं सांगतो. निवडणूक आली की पहिला नारळ माझ्यासमोर फुटायचा. ज्ञानू जिवंत होता तोवर पुढाऱ्यांची जीभ जरा सांभाळून चाले, कारण तो समोरच बसलेला असायचा. अकरांतले तिघं तापानं गेले, एक बोटीत ओकून ओकून गेला, हे तो कुणालाही सांगायचा. लिंबा वाटेवरच्या एका घरात ओंजळभर पीठ देऊन जायचा आणि त्याबद्दल साहेबाच्या शिव्या खायचा, हेही तो हसत सांगायचा. तो वारला आणि मग बोलणाऱ्यांना रान मोकळं झालं. त्रेसष्टचे दोनशे झाले, दोनशेचे पाचशे झाले. एकाच्याही पाठीवर जखम नव्हती, सगळे छातीवर वार झेलत पडले, असं ठरलं. तापानं गेलेले धारातीर्थी पडले. ज्ञानूनं एकट्यानं डोंगर जिंकला म्हणे. त्याचा फायबरचा पुतळा वेशीत उभा राहिला, दोन्ही हातांनी तलवार उगारलेला. दोन्ही हातांनी, मित्रांनो! बनवणाऱ्याला कुणी सांगितलंच नाही, आणि बघणाऱ्यांनीही काही म्हटलं नाही. मी समोरच होतो. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

ज्ञानूचा पणतू वीरधवल. तो वाईट माणूस नाही, हे आधी सांगून टाकतो. रस्ता त्यानंच केला, वस्तीत पाणी त्यानंच आणलं. त्याला फौजेत जायचं होतं. तीनदा भरतीला उभा राहिला आणि तिन्ही वेळा छातीत अर्ध्या इंचानं नापास झाला. तिसऱ्या वेळी परत येऊन तो माझ्याजवळ बसून ढसाढसा रडला होता. नंतर तो पुढारी झाला. बोलतो फार छान. 'वीरभूमी', 'सिंहाची छाती', 'जगाला धडकी भरवणारी माती', असे शब्द त्याच्या तोंडून निघाले की पोरं शिट्ट्या मारतात. मला वाटतं त्या शब्दांनी तो ती अर्ध्या इंचाची कसर भरून काढतो.

गेल्या वर्षी बातमी आली की इटलीतल्या एका डोंगरी गावातली माणसं धावडमाळला येणार. लढाईत आपल्याकडच्या शिपायांनी त्यांचं गाव सोडवलं होतं, म्हणून आभार मानायला. गावाला नुसतं वारं चढलं. वीरधवलनं समिती केली, जयराज नावाचा त्याचा दोस्त अध्यक्ष झाला. समितीची बैठक माझ्यापुढंच भरली, आणि मी जुना, तडकलेला, जगाला दाखवण्यासारखा नाही, असं एकमतानं ठरलं. चकचकीत ग्रॅनाइट येणार होता. त्यावर नंबर नकोत, प्रत्येक नावाआधी 'रणवीर' हवं. आणि नावं दहा.

हे कानावर येताच बाळाबाई काठी टेकत चावडीवर आली. वीरधवलनं उठून तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"आजी, तुमच्या वडिलांचा मला आदर आहे," तो म्हणाला. "पण हा दगड उद्या सगळं जग बघणार. जगानं आपल्या देशाला तलवारीनं ओळखायचं का खेचरानं, तुम्हीच सांगा."

"आवं, जगाचं मला काय ठावं? माझ्याकडं बाचा फोटू न्हाई, कापाड न्हाई. एवढी एक वळ हाय. ती तेवढी ऱ्हाऊ द्या."

तो गडबडला. मग त्यानं सांगितलं की नाव वगळलेलं नाही, साहाय्यक सेवेचा वेगळा फलक दुसऱ्या टप्प्यात घेतला आहे. दुसरा टप्पा म्हणजे काय, हे बाळाबाईला कळलं नाही. मला कळलं. माझ्यासमोर सत्तर वर्षं आश्वासनं दिली गेली आहेत.

दुसऱ्या दिवशी मला उपटलं. मांडववाल्याच्या माणसांना स्टेजच्या एका खांबाखाली सपाट दगड हवा होता. त्यांनी मला पालथं घातलं, वर लोखंडी खांब ठेवला, आणि पानसुपारी खायला गेले. त्यांची चूक नाही. ते परगावचे, त्यांना मी फरशी वाटलो.

समारंभाला अख्खं गाव लोटलं. बाळाबाई तेवढी आली नाही. ज्या दगडावर माझा बा न्हाई त्या मांडवात माझं काय काम, असं ती म्हणाल्याचं बायका बोलत होत्या. तिचा नातू मिलिंद कराडच्या वर्कशॉपमध्ये पाळीवर होता, तोही आला नाही. हा रुसवा केवढ्यात पडला ते त्यांना अजून माहीत नाही.

पालथ्या दगडाला दिसत नाही, पण ऐकू येतं. माझ्या डोक्यावरच भाषणं झाली. वीरधवल तासभर बोलला. आपल्या मातीत जन्मलेलं मूल पाळण्यातच तलवार मागतं, अशा अर्थाचं काही तरी. टाळ्यांनी खांब थरथरत होता आणि तो थरथराट थेट माझ्या तड्यात उतरत होता. मग पाहुण्यांतली एक वयस्क बाई चार शब्द बोलली. कराडच्या कॉलेजातल्या संयोगिता मॅडम दुभाष्या म्हणून होत्या, पण कर्ण्यावर गाणं लागलं आणि त्यांचं मराठी कुणाला धड ऐकूच गेलं नाही. गर्दी जेवणाकडं वळली. पाहुण्यांचा चहा स्टेजवरच झाला. तेव्हा ती बाई पुन्हा बोलू लागली आणि संयोगिता मॅडम वीरधवलला आणि जयराजला सांगू लागल्या. ते मी शब्दन् शब्द ऐकलं.

बाई म्हणाली, माझी आई तेव्हा नऊ वर्षांची होती. घरात धान्याचा दाणा नव्हता. तुमच्याकडचा एक माणूस खेचर घेऊन वाटेनं जायचा आणि दर खेपेला ओंजळभर पीठ ठेवून जायचा. त्याच पिठावर आई वाचली. आमच्या गावात अजून पोर जेवत नसलं की म्हणतात, थांब, हिंदुस्थानी येईल पीठ घेऊन. तुमचा देश म्हटलं की आमच्या डोंगरातल्या माणसांना तो माणूस आठवतो. त्याच्यासोबतच्या एका साहेबानं त्याचा फोटो काढला होता, तो आईनं जन्मभर जपला. आणि पर्सची चेन वाजली, तिनं तो फोटो काढला. मागं फक्त गावाचं नाव आहे आणि एक नंबर, असं म्हणून तिनं नंबर वाचला. संयोगिता मॅडमनी तो मराठीत म्हटला.

मित्रांनो, तो नंबर माझ्या तोंडावर आहे. शेवटच्या ओळीत, सगळ्यात खोल.

मी काय करू शकत होतो? अंगावर स्टेजचा खांब, तोंडात चिखल. मी तडकलो असतो तरी चाललं असतं, निदान स्टेज तिरकं होऊन कुणी खाली वाकून बघितलं असतं. पण मेलं ते बळही माझ्यात नव्हतं.

वर कुणीतरी कप बशीत ठेवला. मग वीरधवलचा आवाज आला, हळू, भाषणातला नव्हे. "जया, यात खेचर हाय गड्या."

त्या एका वाक्यावर सगळं लटकलं होतं. त्याला कळलं होतं, किंवा कळायच्या बेतात होतं. पण जयराज म्हणाला, "डोंगरात सगळेच धरत असतील की खेचर. ज्ञानूआबाशिवाय तिकडं कुणाचं नाव असणार? कपाळ बघ, तुझंच हाय." संयोगिता मॅडम म्हणाल्या, जुन्या दगडावर नंबर होते ना, ताडून बघूया का? जयराजनं सांगितलं, मांडव उतरल्यावर बघू. तेवढ्यात त्या पाहुणीबाईनं वीरधवलला विचारलं, हे तुमचे कोण? आणि तो म्हणाला, "माझे पणजोबा."

खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. म्हणता म्हणता त्याचा त्यावर विश्वास बसला, आणि तो रडायला लागला. बाईनं त्याचं कपाळ चुंबलं आणि फोटो त्याच्या हातात ठेवला, असं पोरं नंतर सांगत होती. वेशीतला पुतळा तिला आधीच दाखवला होता, तलवारीचं चित्र असलेलं इंग्रजी पुस्तकही दिलं होतं. जाताना ती संयोगिता मॅडमना म्हणाली, आईला तो अगदी साधा, गरीब स्वभावाचा माणूस वाटायचा, तो एवढा मोठा योद्धा होता हे तिला कधी कळलंच नाही. आता घरी गेल्यावर सगळ्यांना सांगेन.

म्हणजे बघा. सातासमुद्रापलीकडं एका डोंगरात ऐंशी वर्षं आपली एक खरी ओळख जिवंत होती. ती कुणी भाषणानं बनवली नव्हती, ओंजळभर पिठानं बनली होती. आणि ती आमच्याच गावात येऊन मेली. आम्ही मारली. जगाला तलवार दाखवायच्या नादात, जग प्रेमानं जे घेऊन आलं होतं ते आम्ही बदलून परत पाठवलं. मला याचा इतका राग येतो की सांगता येत नाही, आणि राग कुणावर काढायचा तेही कळत नाही.

मांडव उतरला. मी तिथंच राहिलो. संयोगिता मॅडमचा दोनदा फोन आला म्हणे, जुना दगड कुठं आहे म्हणून. जयराजनं सांगितलं, जेसीबीत फुटला असावा. फोटो आता वीरधवलच्या दिवाणखान्यात चौकटीत बंद आहे म्हणे, मागचा नंबर भिंतीकडं. त्याचा मोठा फलक करून माझ्या शेजारीच लावला आहे. पोरं बोलतात त्यावरून कळलं की फलकावर खेचर काढून पांढरा घोडा घातला आहे, पण चेहरा मात्र तसाच ठेवला आहे. खाली लिहिलंय, 'रणवीर हवालदार ज्ञानू'. हार घालायला माझ्यावर पाय देऊन चढतात.

आणि बाळाबाई, मित्रांनो. राग गिळून ती पुन्हा येऊ लागली आहे. तिला मी कुठं आहे ते माहीत नाही, विचारलं तर फुटला असं सांगतात. गुडघे दुखतात म्हणून ती घटकाभर टेकते ती माझ्यावरच. बापाच्या नावावर बसून समोर बापाच्या तोंडाकडं बघत असते. काल तिची नातसून पायल बरोबर होती. बाळाबाई तिला म्हणाली,

"ज्ञानूआबा तरणेपणी लय देखणं हुतं बग. डोळ्यांत माया हाय माणसाच्या. माझा बा कसा आसंल, कुणाला ठावं."

पायलनं तिला पाण्याची बाटली उघडून दिली. आणि मी खाली होतो, तिच्या अगदी खाली, विटेएवढ्याही अंतरावर नाही. उत्तर माझ्या तोंडात कोरलेलं होतं आणि तोंड मातीत होतं. बाई गं, तोच आहे, तोच तुझा बा आहे, असं मला ओरडायचं होतं. दगडाला ओरडता येत नाही याचं मला आयुष्यात पहिल्यांदा एवढं वाईट वाटलं.

येत्या मंगळवारी इथं सिमेंट ओतून वर रंगीत ठोकळे बसवणार आहेत. सुशोभीकरण म्हणतात त्याला. मग मला कुणीच उचलू शकणार नाही, आणि बाळाबाईच्या छातीत आताशा घरघर ऐकू येते. माझी चमक राहू दे, पूजा राहू दे, ग्रॅनाइटला माझ्या जागी खुशाल ठेवा. मला तेवढं उलटं करा. दोन माणसं पुरतात. तोंडावरची माती पाण्यानं धुवा, शेवटच्या ओळीतला नंबर वाचा, मग वीरधवलकडून ती चौकट मागून घ्या आणि फोटोच्या पाठीवरचा नंबर वाचा. तो देईल. तो वाईट माणूस नाही. बाळाबाईला मोठ्यानं सांगावं लागेल, तिला ऐकू कमी येतं. ती रोज चारच्या सुमारास इथं येऊन बसते. मंगळवारच्या आत या.